माजघरात अकरा माईक

२०२४ च्या गणपतीत, ७ सप्टेंबरला, आमच्या घरी बुवांचं, म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या मुख्य गायकांचं, भजन होतं. मी कोरसात बसतो. मोबाईल समईजवळ उभा करून दीड तास रेकॉर्डिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मुलांना पाठवलं. बुवांच्या चाली त्यांना शिकायच्या होत्या. संध्याकाळी बुवांनी स्वतः ऐकलं. झांजेखाली सगळं गाडलं गेलं होतं. पेटी ऐकू येत नव्हती, पखवाजाचा धुमा, म्हणजे डाव्या तोंडाचा घुमणारा आवाज, तर नव्हताच. बुवा एवढंच म्हणाले, "ह्यां ऐकान पोरां काय शिकतली?"

बुवा सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या रूपाच्या अभंगांच्या (देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या) आणि गजरांच्या (चढत्या लयीत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या नामघोषाच्या) चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या रात्री ठरवलं की प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर येईल असं रेकॉर्डिंग घरातच करायचं. ते पूर्ण व्हायला फेब्रुवारी उजाडला. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आणि आजूबाजूला अशी पुष्कळ मंडळं आहेत, म्हणून काय केलं, कुठे अडलो आणि किती खर्च आला ते सगळं लिहून ठेवतो.

आधी मोजदाद केली. बुवांचा आवाज १, पेटी १, पखवाज २, तबला-डग्गा २, झांज १, कोरस २ आणि अख्ख्या खोलीचा आवाज घ्यायला २. एकूण ११ माईक. घरगुती वापराच्या इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राला) सहसा दोन किंवा चार माईक जोडता येतात, मोठ्याला आठ. अकरा हवे असतील तर इंटरफेसला मागे ॲडॅटचं ऑप्टिकल इनपुट आहे ना, हे खरेदीआधीच बघायचं. त्या एका बारीक ऑप्टिकल वायरमधून ४८ किलोहर्ट्झवर आणखी आठ चॅनल येतात. मी बेहरिंगरचा यूएमसी१८२० हा इंटरफेस आणि त्याला जोडायला एडीए८२०० हा प्रीॲम्प (माईकचा आवाज वाढवून पुढे देणारं यंत्र) घ्यायचं ठरवलं. दोन्हींना आठ-आठ माईक जोडता येतात.

पैशांची जुळवाजुळव हा वेगळाच अध्याय होता. माझं मोबाईल-संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, बाजूला ७० हजार होते. कमी पडणाऱ्या पैशांसाठी मुद्रा योजनेतून शिशु गटाचं कर्ज घ्यायचं ठरवलं. त्यात ५० हजारांपर्यंत मिळतात आणि तारण लागत नाही. त्याआधी छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी केली. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. व्यवसायाचा प्रकार निवडताना ध्वनिमुद्रणाचा गट ५९२० ने सुरू होतो, तो घ्यायचा. ते २३ सप्टेंबरला झालं.

बँकेत मात्र तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत कोटेशनवर जीएसटी क्रमांक नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या फेरीत जागेचा पुरावा मागितला. आमचं घर सामाईक, नमुना आठच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. कोकणात हे घरोघरी आहे. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि काकांचं संमतीपत्र द्या असं सांगितलं. काका मुंबईला. ऑक्टोबरच्या मध्यापासून शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा लागू झाला होता, तो घेऊन मजकूर टाइप केला आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीने मुंबईला पाठवला. सही होऊन परत यायला नऊ दिवस लागले. मध्ये दिवाळी आली. तिसऱ्या फेरीत सगळे कागद एकदम दिले आणि १३ नोव्हेंबरला कर्ज मंजूर झालं. त्या दीड महिन्यात बुवा भेटले की विचारायचे आणि मला उत्तर देता यायचं नाही, ते फार जड जायचं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी संमतीपत्र आणि उतारा पहिल्याच दिवशी हाती घ्यावा, माईक नंतर निवडले तरी चालतात.

वाट बघताना खोलीचं आणि विजेचं काम केलं. पडवी तीन बाजूंनी उघडी, तिथे समुद्राची गाज थेट येते. घर किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर आहे आणि रात्री ती दिवसापेक्षा जास्त जाणवते. म्हणून मधलं माजघर निवडलं. १८ फूट बाय १४ फूट, एकच लहान खिडकी, जांभ्याच्या भिंती, वर लाकडी माळा. जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असल्यामुळे गिलावा केलेल्या खोलीत टाळीनंतर जो टणटणाट होतो तो इथे कमी होता, पण होता. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या आठ चौकटी करून घेतल्या, त्यात दोन इंच जाडीचं रॉकवूल भरलं आणि वरून मांजरपाट ताणून मारला. चार कोपऱ्यांत चार, बाकीच्या भिंतींवर. माळ्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या पसरल्या. खर्च ७,३०० रुपये. रॉकवूल भरताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, त्याची कुसं अंगाला दोन दिवस टोचतात.

विजेचं दुखणं मोठं होतं. दुकानातला जुना मिक्सर लावून बघितला तर स्पीकरमधून सतत घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं निम्म्यावर यायची, म्हणजे दोष अर्थिंगचा. वायरमनने टेस्टर लावला तर आमच्या अर्थिंगचा रोध ४० ओहमच्या वर. घराखाली कातळ, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. त्याने न्हाणीघराचं पाणी जिथे जिरतं त्या ओलसर जागी आठ फूट खणून पाईप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. आता साडेतीन ओहम येतात. ६,५०० रुपये गेले. पण माईकवर दुप्पट पैसे घातले असते तरी ती घूं गेली नसती. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरतं म्हणून ५,८०० चा यूपीएस घेतला. घरचा स्वस्तातला इन्व्हर्टर यासाठी वापरू नये, त्याची स्वतःची गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

२२ नोव्हेंबरपासून सामान यायला लागलं. इंटरफेस २७,५००, आठ चॅनलचा प्रीॲम्प २२,०००, ऑप्टिकल वायर ६५०. शुअरचे दोन एसएम५७ आणि एक एसएम५८ मिळून २९,०००. शुअरच्या नावाने नकली माईक सर्रास विकले जातात, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच पक्क्या बिलावर घ्यावेत. खोलीसाठी लहान कंडेन्सर माईकची जोडी ९,०००. उरलेले सहा माईक आणि सगळे स्टँड गावच्या साऊंडवाल्या दादाने सीझन नव्हता म्हणून दिले, एक पैसा घेतला नाही. वायरी मी स्वतः केल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून शंभर मीटर वायर आणि पिना मागवल्या, ९,२०० रुपयांत बारा वायरी झाल्या. रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअर रीपर घेतलं. ते साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा, म्हणजे तेव्हाचे साधारण पाच हजार. सगळं मिळून एक लाख बावीस हजार झाले.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. खारी हवा पिनांना खाते. दादाच्या दोन माईकांच्या पिनांवर हिरवट थर होता आणि तेच खरखरत होते. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्यावर बरे झाले. कंडेन्सर माईक मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर बुरशी कपाटातल्या पुस्तकांनाही सोडत नाही.

१५ डिसेंबरला, रविवारी, पहिलं रेकॉर्डिंग ठेवलं. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. प्रत्येक वाद्य स्वच्छ आणि वेगळं यावं म्हणून माणसंच वेगळी केली. बुवा माजघरात, पखवाज कोठीच्या खोलीत, तबला देवघराबाहेर, झांज मागच्या पडवीत. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, मधली दारं बंद.

बुवांनी पेटीवर सूर धरला आणि पहिल्या ओळीला थांबले. हेडफोन काढून म्हणाले, "माझोच आवाज माका मागसून येता." खरंच येत होता. मी बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ वर ठेवला होता. आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये यायला जाताना दहा आणि येताना दहा मिलिसेकंद लागत होते. बफर १२८ वर आणला तर तो फरक गेला, पण आता मधूनच टक्‌ असा आवाज यायला लागला. तरी रेटलं. गजर चढायला लागला की बुवा मान वर करतात, डावा हात भात्यावरून क्षणभर सुटतो आणि पखवाजवाला त्या क्षणी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, धरतो. भिंतीपलीकडे त्याला ते दिसणार कसं? तीन वेळा समेवर चुकामूक झाली. तो दार उघडून आत आला आणि सरळ म्हणाला, "बुवांचा तोंड दिसल्याशिवाय माका वाजवूक जमाचा नाय."

साडेअकराला सगळं आवरलं. कोणी मला काही बोललं नाही, चहा पिऊन गेले. मी अकरा वायरी गुंडाळत बसलो आणि फार वाईट वाटत होतं. वीस वर्षं एका चटईवर बसणाऱ्या माणसांना मी चार खोल्यांत कोंडलं होतं. ट्रॅक वेगळे हवे होते, माणसं नव्हे. पुढचं सगळं मी याच वाक्यावर बेतलं.

पुढच्या आठवड्यात त्या टक्‌चा छडा लावला. दोन यंत्रं ऑप्टिकल वायरने जोडली की दोघांचं घड्याळ एक असावं लागतं. माझ्याकडे दोन्ही आपापल्या घड्याळावर चालत होती, त्यामुळे काही सेकंदांनी आवाजाचा एक नमुना (सॅम्पल) सांडत होता. प्रीॲम्पच्या मागचं बटण ४८ किलोहर्ट्झ मास्टरवर ठेवलं आणि इंटरफेसच्या सेटिंगमध्ये घड्याळ ॲडॅटवरून घ्यायला सांगितलं. टक्‌ थांबलं. ज्यांना हे जोडायचं आहे त्यांनी पहिल्या दिवशीच तासभर रिकामं रेकॉर्डिंग करून ऐकावं, मंडळ बोलावण्याआधी.

५ जानेवारीला फक्त खोलीचे दोन माईक लावून चाचणी घेतली. हेडफोनमध्ये आवाज रुंद पण पोकळ वाटत होता, मधून काहीतरी काढून घेतल्यासारखा. तोच मोबाईलच्या स्पीकरवर लावला तर जवळजवळ नाहीसाच झाला. डावा आणि उजवा एकत्र आले की एकमेकांना खात होते. मल्टिमीटर घेऊन बारा वायरी तपासल्या. सात नंबरच्या वायरीत दोन आणि तीन नंबरच्या पिना माझ्याच हातून उलट जोडल्या गेल्या होत्या. पाच मिनिटांचं काम, पण ती वायर पखवाजावर गेली असती तर मी महिनाभर पखवाजालाच दोष देत बसलो असतो. स्वतः वायरी करणाऱ्याने प्रत्येक वायर मीटरवर तपासूनच नंबर चिकटवावा.

१२ जानेवारी २०२५, संक्रांतीच्या दोन दिवस आधीचा रविवार. रात्री साडेनऊला सगळे जमले. फ्रीज, पंप, पंखे बंद. थंडी असल्यामुळे पंख्याची गरजही नव्हती, आणि म्हणूनच मी हे काम मे महिन्यात करू नका असं सांगेन. मोबाईल पडवीत एका टोपलीत. आणि कोणालाही हेडफोन नाही.

बसण्याची जागा तेवढी बदलली. नेहमी बुवा पुढे आणि कोरस, झांज त्यांच्या पाठीमागे असतात. बुवांचा माईक त्यांच्या तोंडाकडे बघतो, म्हणजे पाठीमागची झांजही त्याच्या अगदी समोर येते. एसएम५८ सारखा माईक पुढचं जास्त आणि स्वतःच्या पाठीकडचं फारच कमी ऐकतो. म्हणून झांजवाला बुवांच्या समोर, आठ फुटांवर, माईकच्या पाठीच्या रेषेत बसवला. कोरस त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धगोलात. पखवाज बुवांच्या उजव्या हाताला आणि तबला डाव्या हाताला, नेहमीच्याच ठिकाणी. आता सगळ्यांना बुवांचा चेहरा दिसत होता, उलट नेहमीपेक्षा जास्त.

पेटीचा माईक उजव्या अंगाला पट्ट्यांच्या उंचीवर आडवा धरला, भात्यापासून लांब, बुवांचं तोंड त्याच्या कडेला राहील असा. पखवाजाच्या शाईच्या बाजूला एक वीतभर अंतरावर, धुम्याला जरा जास्त, कारण ओली कणीक लावलेल्या त्या बाजूचा घुमार पुरा व्हायला जागा लागते. शेजारच्या दोन माईकांमधलं अंतर, माईक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवायचं, हा नियम शक्य तिथे पाळला. झांजेला माईक हवाच का, असा मला प्रश्न होता, कारण ती सगळ्या माईकांत येतेच. तरी चार फुटांवरून एक ठेवला.

पातळी लावताना कोणालाही हॅलो-हॅलो करायला लावलं नाही. बुवांना विनंती केली की शेवटचा गजर ज्या भरात म्हणता तसाच दोन मिनिटं म्हणा. त्या टोकाला प्रत्येक ट्रॅक उणे बारा डेसिबलच्या वर जाणार नाही असं बेतलं. २४ बिटमध्ये हळू भाग बारीक आला तरी बिघडत नाही, पण रंगात आलेला आवाज एकदा फाटला की तो परत मिळत नाही. बफर पुन्हा ५१२. हेडफोनच नाहीत तर उशिराची फिकीर कशाला?

पखवाजवाल्याने कणीक लावली, सूर बुवांच्या काळी एक पट्टीला मिळवला. दहा वाजून वीस मिनिटांनी सुरुवात झाली. क्लिक लावला नाही. भजनाची लय धिमी सुरू होते आणि माणसांबरोबर चढते, ती मशीनच्या टकटकीवर बांधता येत नाही. रूपाचा अभंग, दोन अभंग, गजर. मधे एकदा कणीक वाळून धुमा चढला, तेव्हा थांबून ती ओली केली. एकदा बाहेर कुत्रं भुंकलं, बुवांनी डोळेच उघडले नाहीत. सिनेमाच्या चालीवरची दोन भजनं आम्ही मुद्दाम घेतली नाहीत, त्या चालींचे हक्क आपले नाहीत. साडेबाराला संपलं. अकरा ट्रॅकचे तासाला पावणेसहा जीबी होतात, ते झोपण्याआधी दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवले.

मिक्सिंगला तीन आठवडे, दुकान बंद केल्यावर रोज तासभर. प्रत्येक माईकमध्ये शेजारचं वाद्य थोडं उतरलं आहे. सुरुवातीला ते काढायच्या मागे लागलो तर आवाज कोरडा पडला, म्हणून राहू दिलं. खोलीच्या जोडीवर आधी सगळं उभं केलं, मग जवळचे माईक गरजेपुरते वर घेतले. समुद्राची गाज खोलीच्या माईकमध्ये होती. ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापल्यावर बरीचशी गेली. पखवाजाच्या धुम्याला ती कात्री लावली नाही.

९ फेब्रुवारीला बुवांना बोलावलं. ते माजघरात आपल्या नेहमीच्या जागी मांडी घालून बसले, मी लॅपटॉप पाटावर ठेवला. रूपाचा अभंग पूर्ण ऐकला, बोटांनी मांडीवर ताल धरून. गजराला कोरस उठला तशी मान वर केली. संपल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झांज वायच खाली घे."

मी झांजेचा फेडर दोन डेसिबल खाली ओढला आणि गजर परत लावला.